वजनकाकांचा मंगळवार

गुडगावच्या एका डॉक्टरने आमच्या वजनकाकांना फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे काकांच्या आठवणी निघाल्या की मूळ मुद्दा मागे पडायचा, आणि मुद्दा मागे पडू देणं माझ्या स्वभावात नाही. डॉक्टरने फसवलं, आणि ज्या कागदाच्या आधारे फसवलं तो कागद मी स्वतः, मोठ्या हुशारीने, तयार करून घेतला होता. दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे, म्हणून तीही इथेच लिहून ठेवतो.

वजनकाका म्हणजे सैन्यातले निवृत्त हवालदार. मूळचे साताऱ्याकडचे. मिलिटरी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीच्या खोलीत त्यांची वीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर बायको वारली आणि ते दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात मुलीकडे, सुमनताईंकडे, राहायला आले. जावई केंद्र सरकारात कारकून, क्वार्टर पहिल्या मजल्यावर. काकांना माणसाचे चेहरे लक्षात राहत नसत, चाल मात्र कायमची लक्षात राहायची. जिन्यावर पाऊल वाजलं की आतून आवाज यायचा, "या शेठ. डावा पाय ओढताय. गाडीत बसूनच जेवला वाटतं आज." आणि खरंच मी मानेसरच्या रस्त्यावर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने पराठा असा जेवलेला असायचो.

मी नगरकडचा. आयटीआय करून दिल्लीत आलो, दुसऱ्यांच्या लेथवर उभा राहिलो, मग मानेसरला दोन प्रेस टाकून गाड्यांच्या कारखान्यांना पत्र्याचे लहान लहान भाग पुरवायला लागलो. माल मीच पोचवायचो, भांडण मीच करायचो, प्रेसला लावायची जड लोखंडी डायही मीच उचलायचो. अशीच एक डाय उचलताना कमरेत काहीतरी सटकलं आणि मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. दोन कामगारांनी मला पोत्यासारखं व्हॅनमध्ये टाकून घरी आणलं. बायकोची आणि सुमनताईंची हळदीकुंकवाची ओळख. तिने मला तसंच उचलून लक्ष्मीबाई नगरात नेलं.

मागच्या व्हरांड्यात बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, सोडलेले, आणि आत एक लोखंडी खाट. पायांकडची बाजू विटांवर उचललेली. टोकाला दोन कप्प्या, त्यांवरून दोऱ्या, दोऱ्यांना कॅनव्हासच्या पिशव्या. पिशव्यांत वाळू. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या दोऱ्या कप्पीवरून खाली सोडायच्या आणि पिशव्या अडकवायच्या. पिशव्या कंबर पायांकडे ओढतात, खाटेच्या उतारामुळे शरीर डोक्याकडे घसरू पाहतं, आणि मधला मणका हळूहळू मोकळा होतो. मानेसाठी वेगळी खुर्ची होती, हनुवटीखाली पट्टा आणि वर कप्पी. त्या पिशव्यांवरूनच कॉलनीतल्या पोरांनी काकांचं नाव पाडलं होतं.

मी खाटेवर आडवा झालो आणि सवयीने बोलणी सुरू केली. "काका, उद्या माझी मीटिंग आहे. दहा किलो लावताय ना? वीस लावा आणि अर्ध्या वेळात सोडा."

"शेठ, भाजी घ्यायला आलाय का? हितं भाव होत न्हाई."

"बरं, पंधरा. पंधराला काय हरकत आहे?"

"भाकरी बी दुप्पट जाळ लावून अर्ध्या टायमात भाजत आसाल तुमी घरी." असं म्हणून त्यांनी पिशवी अडकवली. नऊ किलोची. मी बोललो म्हणून एक किलो कमी केला होता.

आयुष्यात मी कापडापासून कोळशापर्यंत सगळ्यात घासाघीस केली आहे आणि बहुतेक वेळा जिंकलो आहे. या माणसासमोर मात्र मी जितकं बोलायचो तितकं वजन उतरायचं. तिसऱ्या दिवशी मी गप्प बसायला शिकलो. गप्प बसणं एवढं सोपं नव्हतं. आडवा पडलो की मला आठवायचं, अमक्याला फोन करायचाय, तमका ट्रक नाक्यावर अडकलाय, पत्र्याची शीट आलीच नाही. पाय हलायचे, बोटं हलायची. काकांनी माझं घड्याळ काढून खिशात ठेवलं. "हिलो मत," ते म्हणायचे. सैन्यातली हिंदी त्यांच्या साताऱ्याच्या मराठीत अधूनमधून अशी टपकायची.

ती वीस मिनिटं ते खाटेशेजारी स्टुलावर बसून मटार सोलायचे. दिल्लीच्या थंडीत मटाराला तोटा नाही. माणसाला ताण लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, हा त्यांचा नेम. मध्येच मटार सोडून तळहात पट्ट्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि पुन्हा मटार. एकदा मी विचारलं, "काका, या ताणाने खरंच बरं होतं?"

"ताणानं बरं व्हतं आसं न्हाई. येळानं व्हतं. ताण निस्ता तुमच्यासारख्याला यीस मिंटं जाग्यावर ठिवतो."

एवढा प्रामाणिक माणूस धंद्यात टिकला नसता. काकांचा तो धंदा नव्हताच. ते कुणाकडून काही घेत नसत. सरकारी क्वार्टरमध्ये दुकान मांडलं असं कुणी म्हणू नये, ही जावयाची भीती, आणि आपण जे शिकलो ते सरकारच्या खर्चाने शिकलो, हे काकांचं मत.

वजन उतरवण्याची त्यांची रीत तर मला कधीच सोसली नाही. एक पिशवी काढायची, थांबायचं. दुसरी काढायची, पुन्हा थांबायचं. मग पट्टा सैल करून पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं. "आता उठू?" मी विचारायचो. "कूस घ्या. मग हातावर या. मग बसा. मग उठा. आईच्या पोटातनं येकदम हुबं ऱ्हाऊन आला न्हवता." रोज सकाळी ते त्या वाळूच्या पिशव्या तराजूवर पुन्हा मोजायचे. पावसाळ्यात वाळू ओल धरते, पिशवी पाव किलो जड होते, आणि तो पाव किलो दुखऱ्या मणक्याला कळतो म्हणे. मी माझ्या कारखान्यात मायक्रोमीटरने पत्रा मोजणारा माणूस. मला ते पटलं.

पण काकांचं खरं काम ताण देण्यात नव्हतं, नाही म्हणण्यात होतं. आलेल्या माणसाला आधी पालथं निजवायचे. एकेका मणक्यावरून अंगठा फिरवायचे. मुठीने हलकेच ठोकायचे आणि त्याच्या श्वासाकडे कान द्यायचे. मग उताणा करून पायाचा अंगठा आपल्या बोटाविरुद्ध वर उचलायला लावायचे. अंगठ्यात जोर नसला तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचे. "ह्ये माझं काम न्हाई." म्हाताऱ्या बायका, ताप अंगात मुरलेले, रात्री पाठीच्या दुखण्याने जागे होणारे, यांना खाटेला हातही लावू द्यायचे नाहीत. एकदा कुठल्याशा मंत्रालयातले बडे साहेब पांढऱ्या गाडीतून आले. काकांनी तपासलं आणि म्हणाले, "तुमाला ताण न्हाई. हाडाच्या डाक्टरला दावा."

साहेब तापले. "मला नाही म्हणणारा तू कोण?"

"साहेब, तुमी फायलीवर न्हाई लिवता. म्या पाठीवर लिवलं."

ते साहेब पुढे महिनाभराने मिठाई घेऊन आले, कारण मोठ्या हॉस्पिटलात वेगळंच काही निघालं होतं आणि वेळेत निघालं होतं. काकांनी मिठाई कॉलनीतल्या पोरांना वाटली. स्वतः खाल्ली नाही, त्यांना गोड चालत नसे.

मंगळवारी मात्र आम्हां सगळ्यांना व्हरांड्याची बंदी. मंगळवार छावणीतल्या जवानांचा. साताऱ्याचे, सांगलीचे, कोल्हापूरकडचे पोरगे साध्या कपड्यांत, हातात भाजीची पिशवी घेऊन, एकेकटे यायचे. सैन्यात पाठ दुखते म्हणून हॉस्पिटलात नोंद झाली की मेडिकल कॅटेगरी खाली येते. कॅटेगरी खाली आली की कोर्स चुकतो, प्रमोशन थांबतं, आणि थोड्या वर्षांत माणूस घरी. गावाकडे त्या एका नोकरीवर आठ-दहा माणसं जेवत असतात. म्हणून ही पोरं पाठ दातांत धरून परेड करायची आणि मंगळवारी काकांकडे यायची. काकांना हे नियमाबाहेरचं आहे हे कळत होतं. ज्याला खरंच मोठं दुखणं असेल त्याला ते सरळ हॉस्पिटलात जायला लावायचे, अगदी शिव्या देऊन. बाकीच्यांना ताण, शेक, आणि बूट कसे बांधायचे त्याची शिकवणी. त्यांची नावं ते कुणालाही सांगत नसत. मला त्यातला एकच जण माहीत होता, एक नाईक, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्याचा जवान, कारण एकदा त्याला परत सोडायला माझी व्हॅन लागली होती.

आता डॉक्टर. गुडगावात त्याने नवं क्लिनिक थाटलं होतं. काचेचा दरवाजा, थंडगार खोल्या, आणि बाहेरून आणलेलं ताणाचं यंत्र. पेशंटचं वजन आकड्यात घातलं की यंत्र स्वतः ठरवतं किती ओढायचं, किती सेकंद ओढायचं, किती सेकंद सोडायचं. सगळं होतं, पेशंट नव्हते. मराठी माणसं, सरकारी माणसं, फौजी माणसं लक्ष्मीबाई नगराच्या व्हरांड्यात रांग लावत होती. डॉक्टर माझ्या ओळखीचा; त्याने माझ्यामार्फत काकांना बोलावणं पाठवलं. जावयाविरुद्ध कुणी तक्रार करील ही धास्ती घरात होतीच. मला वाटलं, काकांना चांगली जागा मिळेल, मान मिळेल. आणि खरं सांगायचं तर मला एक करार करायला मिळेल याचाही आनंद झाला.

मी काकांच्या वतीने बसलो. डॉक्टरला आठवड्याचे सहा दिवस हवे होते. मी तीनवर आणले, सोमवार, बुधवार, शुक्रवार. न्यायला-आणायला गाडी. पाटीवर काकांचं नाव डॉक्टरच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. पाटी लागल्यावर मी टेप घेऊन अक्षरं मोजली. काकांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती.

"माझा हात लागल्याबिगर कुनाला त्या यंत्रावर घ्यायचं न्हाई. बाकी तुमी काय बी ठरवा."

हात लागणं करारात कसं लिहिणार? मी ते पक्कं केलं. लिहिलं, "हवालदारांच्या सहीशिवाय कोणत्याही पेशंटला यंत्रावर घेतलं जाणार नाही." डॉक्टरने वाचलं आणि लगेच मान डोलावली. "बिल्कुल, भाईसाहब. बहुत अच्छा रूल है." समोरचा एवढ्या चटकन हो म्हणाला की मी एरवी पेन खाली ठेवतो आणि पुन्हा वाचतो. त्या दिवशी ठेवलं नाही. मी खूश होतो.

काकांना सांगितलं तेव्हा ते विचारात पडले. "सही व्हय? सही तर म्या पेन्शनीच्या कागदावर बी करतो. हात निराळा."

"काका, कायद्यात सहीच चालते."

"मग ठीक है. तुमाला कळतंय त्यातलं."

मला कळत होतं त्यातलं! हे वाक्य आजही मला बसू देत नाही.

पहिल्या महिन्याभरात क्लिनिक भरलं. काकांना ते यंत्र आवडलं नाही, पण त्यांनी त्याची निंदा केली नाही. यंत्र ओढायला लागलं की ते पेशंटच्या पट्ट्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. "ह्येला डोकं हाय, हात न्हाईत," एवढंच म्हणायचे. आणि दर सोमवारी सकाळी डॉक्टर त्यांच्यासमोर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवायचा. "हवलदारजी, सब पर साइन कर दीजिए, दिन में भागदौड़ नहीं होगी." काका सही करायचे. सगळी नोकरी साहेबाने बोट ठेवलं तिथे सही करण्यात गेलेली. सही नाकारायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मला त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. आणि मी विचारलं नाही, कारण माझ्या मते मी तर सगळं पक्कं केलं होतं.

एका मराठी अधिकाऱ्यांच्या आई, माई म्हणायचे त्यांना, नागपूरहून मुलाकडे आल्या होत्या. पाठ दुखत होती. शेजाऱ्यांनी वजनकाकांचं नाव सांगितलं. पण कारकुनाच्या मागच्या व्हरांड्यात आईला निजवणं अधिकाऱ्यांना बरं दिसेना. त्यापेक्षा काचेच्या दरवाजाचं क्लिनिक, आणि पाटीवर नाव तर तेच. त्यांनी ऑफिसच्या गाडीने ड्रायव्हरबरोबर माईंना गुडगावला पाठवलं. तो मंगळवार होता.

माईंची हाडं ठिसूळ झाली होती. काकांचा अंगठा एकदा फिरला असता तर त्या तशाच चहा पिऊन परत आल्या असत्या. यंत्राने त्यांचं वजन विचारलं, वय विचारलं नाही. ताण सुरू झाला आणि एका मणक्याचा चुरा झाला. पाय बधिर. ऑपरेशन, कित्येक महिने अंथरूण. पुढे वॉकर धरून चालू लागल्या, पण एकट्या पुन्हा कधीच नाही. कोण कोण होतं असं विचारलं तर त्यांना एवढंच आठवत होतं: चष्मा काढून ठेवलेला, चार-पाच पांढरे कोट, आणि कुणीतरी म्हणालं, हवलदारजी ने देख लिया है.

अधिकाऱ्यांनी आम्हां सगळ्यांना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहाच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. ऑफिसात नको, घरी नको, म्हणून तिथे. डॉक्टर फाईल घेऊन आला होता. त्याने माईंचा फॉर्म टेबलावर ठेवला. वर मंगळवारची तारीख. इंग्रजीत एक ओळ, पेशंट तपासली आणि ताण द्यायला योग्य आहे अशा अर्थाची. खाली काकांची मराठी सही.

"ही सही तुमची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "सही माजी हाय. पर म्या सही केली तवा कागद कोरा हुता."

"कोरे काग़ज़ पर कौन साइन करता है, सर?" डॉक्टर हसला.

मी उसळलो. "ही ओळ इंग्रजीत आहे! काकांना इंग्रजी लिहिता येत नाही!"

डॉक्टरने शांतपणे फाईलमधून दुसरा कागद काढला. माझा करार. "लिखता असिस्टंट है. साइन हवलदारजी करते हैं. साइन ही काफ़ी है, ये रूल तो आप ही का है, भाईसाहब."

मी उठलो, डॉक्टरच्या फाईलला हात घातला, तोंडाला येईल ते बोललो. चहा घेऊन आलेला माणूस दारातच ट्रे धरून थांबला. काका बसल्या जागेवरून परेडच्या हुकमासारखं म्हणाले, "शेठ. जैसे थे." मी बसलो.

अधिकारी वाईट माणूस नव्हते. आईच्या दुखण्याने पिळून निघाले होते, तरी काकांना त्यांनी नीट विचारलं. "काका, मंगळवारी तुम्ही क्लिनिकमध्ये नव्हता म्हणता. मग कुठे होता?"

"घरला."

"एकटे?"

काकांनी कागद टेबलावर परत ठेवला.

"कुणी बरोबर असेल तर तेवढा एक माणूस आणून उभा करा. मला बाकी काही नको. मी तुमच्यावर विश्वास ठेवीन."

सुमनताईंकडून मला कळलं होतं बरोबर कोण होतं. त्या मंगळवारी सकाळपासून तो नाईक खाटेवर होता, आणि त्याच्या मागे आणखी तिघं. मी काकांकडे बघत होतो, काका टेबलावरच्या कागदाकडे.

"कुनी न्हवतं," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं.

बाहेर फुटपाथवर मी त्यांच्यावर ओरडलो. माणसं वळून बघत होती. "त्या नाईकाला आणतो मी. आत्ता आणतो. तुमच्यासाठी तो बोलेल!"

"बोलंल. म्हनून तर सांगत न्हाई. पुढच्या म्हैन्यात पर्मोशनचं बोर्ड हाय त्येचं."

"आणि तुमचं काय? इतकी वर्षं कमावलेलं नाव?"

"शेठ, मानूस पाठ टेकतो तवा डोळे मिटून टेकतो. त्येनं टेकल्यावर त्येचं काय बी हितनं भायेर जानार न्हाई." थोडं चालून ते थांबले. "शबूद द्या मला. त्या चौघांतला शेवटचा पेन्शनीत जाईस्तवर तोंड उघडायचं न्हाई. तुमाला जमायचं न्हाई, पर करा."

मी शब्द दिला. माझ्या आयुष्यातला घासाघीस न करता दिलेला एकमेव शब्द.

पुढचं लवकर उरकलं. डॉक्टरने काकांना काढलं आणि पाटीवरचं नाव खरवडून टाकलं. महिन्याच्या आत जावयाला कार्यालयातून विचारणा आली, सरकारी निवासात उपचारकेंद्र चालवलं जातं हे खरं का. जावई बिचारा जेवेना. काकांनी कुणी न सांगता खाटेच्या कप्प्या उतरवल्या आणि पिशव्यांतली वाळू कॉलनीच्या बागेत पोरांच्या घसरगुंडीखाली ओतली. पुढच्या मंगळवारी नाईक भाजीची पिशवी घेऊन आला, तर व्हरांडा मोकळा. मी तिथेच होतो. प्रकार कळल्यावर तो म्हणाला, "काका, मी जातो. मी सांगतो साहेबांना."

"जा की. आन् पुन्हा माझ्या दारात पाय ठिवू नको. तुजी पाठ म्या काय हौस म्हनून सरळ केली व्हय रं?"

पिशवी खाली ठेवून तो पुढे आला. मग त्याने वाकून नमस्कार केला. काकांनी त्याही वेळी विचारलं, "वाकताना कळ येती का?" नाही म्हणाला. "मग शाब्बास. पळ."

निजामुद्दीन स्टेशनवर दुपारच्या गाडीला मी त्यांना पोचवायला गेलो. ट्रंक मला उचलू दिली नाही, हमाल केला. गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर येरझारा घालत होतो, डॉक्टरला काय काय करीन ते सांगत होतो. काका खिडकीतून माझी चाल बघत होते. "रागात चालला की उजवा खांदा पाडताय. मनका त्या बाजूला दाबतोय त्यानं. सावकाश चाला." एवढंच. गाडी हलली.

चार-पाच वर्षांनी ते गावाकडेच वारले. सुमनताईंनी फोनवर सांगितलं आणि एक गोष्ट अशी सांगितली की मला फोन ठेवावा लागला. गावात पाठदुखी कुणाला नसते? पोती वाहून, वाकून भांगलून गावाच्या कंबरा मोडलेल्या. माणसं काकांकडे यायची. काका म्हणायचे, "मला त्यातलं येत न्हाई." शेजारचा म्हातारा अंगणात तीन दिवस कण्हत पडला होता तरी ते उठले नाहीत. आपला हात आता कुणाच्या पाठीवर ठेवायचा नाही, असं त्यांनी गाडीतच ठरवलं होतं म्हणे. त्यांना वाटायचं, सही आपली होती म्हणजे माईंच्या मणक्यात आपलाही हात आहे. गावाला तो हात शेवटपर्यंत मिळाला नाही.

मधे एकदा एका लग्नात डॉक्टर भेटला. क्लिनिक आता तीन मजली झालं आहे, दुसऱ्या शहरातही एक काढलं आहे. हातात थाळी घेऊन माझ्याजवळ आला. "और भाईसाहब, वो हमारे हवलदारजी कैसे हैं?" मी शब्दाने बांधलेला. थाळी तिथेच ठेवून निघून आलो. बायको म्हणाली, निदान जेवून तरी निघायचं.

इतकी वर्षं मी वाट पाहिली. वाट पाहणं मला येत नाही हे माझ्या कारखान्यातला प्रत्येक माणूस सांगेल. त्या चौघांतले तिघं एकेक करून निवृत्त झाले, नाईकाकडून मला ते कळत गेलं. गेल्या महिन्यात चौथ्याचा, त्या नाईकाचा, फोन आला. आता तो सुभेदार मेजर. म्हणाला, "शेठ, पेन्शनचे कागद हातात आले. आता माझं नाव कुठेही घाला. त्या मंगळवारी सकाळी नऊपासून काका माझ्या उशाशी बसून मटार सोलत होते. मी कुणासमोरही उभा राहून सांगतो." नाव मी इथे छापत नाही. डॉक्टरने विचारलं तर तो माणूस स्वतः येऊन उभा राहील, बाकीचे तिघंही येतील. मी त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.

माझा वाटा मी मान्य केला आहे. हात मागितला असता मी सही घेऊन दिली. त्याबद्दल मी सुमनताईंच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून बोललो. त्यांनी चहा केला. आता दुसऱ्या माणसाने तिथे जायला हवं. माई गेल्या, काका गेले, पण तुम्ही आहात, डॉक्टर, आणि तुमची तब्येत उत्तम आहे असं ऐकतो. तुम्हाला मराठी वाचता येत नसेल तर हा लेख मी स्वतः येऊन हिंदीत वाचून दाखवीन. त्या मंगळवारी कोऱ्या कागदावर ती इंग्रजी ओळ कुणी लिहिली? माईंच्या पाठीवर कुणाचाही हात न फिरता बटण कुणी दाबलं? सुमनताईंच्या दारात उभं राहून सांगा. नाव घेऊन सांगा.